समोर कोण बसलं होतं? जुन्या फ्रेंच रेखाटनांतली विवस्त्र स्त्री

पॅरिसमध्ये १६४८ साली चित्रकार आणि शिल्पकारांची राजेशाही अकादमी सुरू झाली. चित्रकार व्हायचं तर आधी नग्न मानवी शरीर काढता आलं पाहिजे, हा तिथला मूळ नियम. आणि त्यासाठी चौथऱ्यावर उभा राहायचा तो मॉडेल पुरुषच असायचा. पुढे १७९३ साली क्रांतीच्या धामधुमीत ही अकादमी बंद पडली, तोवर तिच्या वर्गात विवस्त्र स्त्री मॉडेल अधिकृतपणे कधीच बसली नाही. तिच्या जागी आलेल्या सरकारी कलाशाळेतही हे दार उघडायला १९वं शतक अर्ध्याहून जास्त उलटावं लागलं.

मागणी मात्र नेमकी उलटी होती. राजाला, दरबाऱ्यांना, पैसेवाल्यांना भिंतीवर आणि छतावर हव्या असायच्या त्या व्हीनस, डायाना या रोमन देवी, बायबलमधली स्नान करणारी सुझाना, बाथशेबा आणि डझनावारी जलपऱ्या. ज्या शरीराची सगळ्यात जास्त ऑर्डर, तेच शरीर शाळेत बघायला मिळत नाही. हा तिढा सोडवण्यासाठी चित्रकारांनी ज्या खटपटी केल्या, त्यांच्या खुणा त्या काळच्या कागदांवर अजून दिसतात.

म्हणून १६व्या ते १८व्या शतकातलं असं फ्रेंच रेखाटन समोर आलं की शैली, काळ, घराणं हे सगळं जरा बाजूला ठेवावं आणि आधी एकच विचारावं: हे काढताना चित्रकाराच्या समोर काय होतं? जिवंत बाई, पुरुष मॉडेल, प्लास्टरचा पुतळा, दुसऱ्या कुणाचं छापचित्र, की नुसती आठवण? बहुतेक वेळा उत्तर कागदावरच असतं.

अकादमीच्या आधी

फ्रान्समध्ये विवस्त्र स्त्रीचं रेखाटन रुजवलं ते इटालियन लोकांनी. राजा पहिला फ्रान्स्वा याने फाँतेनब्लोचा राजवाडा सजवायला रोस्सो फियोरेन्तिनोला १५३० च्या सुमारास बोलावलं, १५३२ मध्ये प्रिमातिच्चो आला. प्रिमातिच्चोने तिथल्या स्नानगृहांच्या दालनांसाठी डायाना आणि कॅलिस्टोच्या कथेची चित्रं योजली होती. ती दालनं पुढे पाडली गेली. आज उरलीत ती रेखाटनं आणि त्यांवरून केलेली छापचित्रं.

प्रिमातिच्चोची स्त्री लगेच ओळखता येते: लांबच लांब मांड्या, बारीक डोकं, लहान स्तन, निमुळती बोटं. कागदाला अनेकदा फिका गुलाबी हात दिलेला, वर तांबड्या खडूचं काम आणि उजळ भागांवर पांढरा रंग. ही शरीरं समोर बघून काढलेली नाहीत, एका साच्यातून आलेली आहेत. ज्यां कुझँ या फ्रेंच चित्रकाराचं त्याच शतकाच्या उत्तरार्धातलं रेखाटनाचं पाठ्यपुस्तकही असाच साचा देतं: उंची आठ डोकी, डोकं चार नाकांइतकं. मापं पाठ झाली की मॉडेलशिवाय माणूस उभा करता येतो. पुढची शंभरेक वर्षं ते पुस्तक पुन्हा पुन्हा छापलं जात राहिलं, कारण त्याची गरज तशीच राहिली.

जिवंत मॉडेल नव्हत्याच असं नाही. १५४० नंतर काही वर्षं पॅरिसमध्ये काम करणारा शिल्पकार चेल्लिनी आपल्या आत्मचरित्रात कातेरीना नावाच्या मॉडेलबद्दल लिहितो. तिच्यावरचा राग काढायला तिला अवघड पोझमध्ये तासन्‌तास कसं ताटकळत ठेवलं आणि मारहाणही कशी केली, हे तो स्वतःच फुशारकीने सांगतो. अकादमीबाहेरच्या खोलीत मॉडेलला कसलंही संरक्षण नव्हतं. सुंदर रेघ बघताना ही गोष्ट विसरू नये.

चौथऱ्यावरचा पुरुष

अकादमीतली चढण तीन पायऱ्यांची होती. आधी दुसऱ्यांच्या रेखाटनांची नक्कल: डोळा, कान, हात, पाय सुटे सुटे. मग प्लास्टरचे पुतळे, म्हणजे ग्रीक-रोमन शिल्पांचे साचे. त्यात पास झाल्यावर जिवंत मॉडेल. मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये (स्थापना १८५७) हीच पायरी ब्रिटिशांमार्फत आली. ‘अँटिक’ आणि ‘लाइफ’ हे शब्द तिथे शिकलेल्यांना नवे वाटणार नाहीत.

मॉडेलचा वर्ग रोज दोन तासांचा. प्राध्यापक आळीपाळीने, एकेक महिना. पोझ लावायची ती त्या महिन्याच्या प्राध्यापकाने, विद्यार्थ्यांच्या चुका दुरुस्त करायच्या त्यानेच. चौथऱ्याभोवती अर्धगोल बाकांच्या रांगा, हिवाळ्यात टांगलेल्या दिव्याचा उजेड. बसायची जागा नशिबावर सोडलेली नसे. पदकं मिळवलेल्यांना आधी निवड, बाकीच्यांनी उरलेल्या कोपऱ्यातून मॉडेलची पाठ काढायची. चित्रकार नात्वारने १७४६ साली या वर्गाचं चित्र काढलंय, ते लंडनच्या कोर्टोल्ड संग्रहात आहे. चौथऱ्यावर दोन पुरुष एकमेकांत गुंतलेले, आणि डावीकडे खाली लाल झग्यात स्वतः नात्वार विद्यार्थ्यांचे कागद तपासतोय.

या वर्गात तयार होणाऱ्या चित्रालाच ‘अकादमी’ म्हणत. साधारण हात-दीड हात उंचीचा कागद, एकटा नग्न पुरुष, हात वर असेल तर छताला टांगलेला दोर धरलेला, नाहीतर काठी. हात वर करून दोन तास कुणी उभं राहू शकत नाही, म्हणून दोर. चित्र नंतर शिकारीचं असो की संताच्या हौतात्म्याचं, दोराची पकड तशीच राहते आणि मूठ हवेत रिकामी दिसते. लेखक आणि कलासमीक्षक दिदरोने १७६० च्या दशकात यावर कोरडे ओढले होते: अंगणातल्या विहिरीतून खरोखर पाणी ओढणारा माणूस आणि शाळेच्या चौथऱ्यावर पाणी ओढल्याचं सोंग करणारा, यांच्यात साम्य ते काय?

स्त्री मॉडेल अकादमीत आली ती १७५९ नंतर, तीही मानेपर्यंतच. काँत द केलूस या कलाप्रेमी सरदाराने चेहऱ्यावरच्या भावांच्या रेखाटनासाठी बक्षीस ठेवलं. त्यासाठी बाई बसायची, पण अंगभर कपडे घालून.

मग व्हीनस कुठून आणायची? खाजगी खोलीत बाई आणणंही कायद्याने सरळ नव्हतं. १६५५ साली राजाने जिवंत मॉडेलवरून शिकवण्याचा मक्ता अकादमीला देऊन टाकला होता. चित्रकारांच्या जुन्या संघटनेला, सेंट ल्यूकच्या मंडळीला, स्वतःचा मॉडेलचा वर्ग चालवायची मुभा मिळाली ती १७०५ मध्ये. त्यामुळे मोठे चित्रकार आपल्या स्टुडिओत गाजावाजा न करता मॉडेल बसवत, आणि बाकीचे जे हाताशी असेल त्यावर भागवत.

कागद कसा वाचायचा

आता खुणा. आधी पुरुषावरून केलेली स्त्री, कारण ती ओळखणं सगळ्यात सोपं.

खांदे आणि कंबर बघा. पुरुष मॉडेलचं धड खांद्याकडून खाली निमुळतं होत जातं, कमरेला खळी पडत नाही. चित्रकार मग बाहेरच्या रेषेने कंबर आत घेतो आणि नितंब बाहेर काढतो, पण पोटावरच्या स्नायूंचे कप्पे मात्र तसेच राहतात. स्तन छातीवर वाट्या पालथ्या घातल्यासारखे, एकमेकांपासून फार लांब, आणि हात वर गेला तरी जागचे हलत नाहीत. खऱ्या शरीरात हात वर गेला की छातीचा स्नायू ताणला जातो, स्तन वर सरकतो आणि चपटा होतो. आडवं झाल्यावर तो बाजूला कलतो. ही हालचाल चित्रात नसेल तर शंका घ्यायला हरकत नाही.

मांड्यांचा कल हीही चांगली खूण. स्त्रीचं ओटीपोट रुंद असल्याने मांडीचं हाड गुडघ्याकडे येताना जास्त आत कलतं. पुरुषावरून काढलेल्या चित्रात मांड्या खांबांसारख्या सरळ उतरतात आणि वर फक्त गोलाई चढवलेली असते. कोपराचंही तसंच: हात लोंबता सोडला तर स्त्रीचा पुढचा हात धडापासून किंचित जास्त बाहेर जातो.

पुतळ्यावरून केलेलं रेखाटन वेगळ्या तऱ्हेने उघडं पडतं. केस गोळ्या-गोळ्यांचे आणि कातडीइतकेच फिके, कारण प्लास्टर सगळीकडे पांढरंच. डोळ्यांत बुबुळ नाही. सावलीच्या आतही परतीचा उजेड स्वच्छ चमकतो, जो जिवंत कातडीवर इतका उठत नाही. बाहेरची रेषा अखंड, कुठेही न तुटलेली. आणि पोझ ओळखीची: एक हात छातीशी, दुसरा मांडीपुढे असेल तर ‘मेदिचींची व्हीनस’ हा प्रसिद्ध प्राचीन पुतळा. गुडघे मुडपून वळलेली असेल तर उकिडवी व्हीनस, जिची संगमरवरी आवृत्ती शिल्पकार क्वाझव्होने १६८६ मध्ये केली. जेरार ओद्राँने १६८३ साली प्राचीन पुतळ्यांची मापं घेऊन तक्ते छापले, त्यात व्हीनसही होती. ज्याला बाई बघायला मिळाली नाही त्याला निदान तिची मापं मिळाली.

सगळ्यात खात्रीची खूण वजनाची. संगमरवर कशावरही बसला तरी दबत नाही. बाई खुर्चीत बसली की मांडी खालून चपटी होते, बाजूला पसरते. उशीवर कोपर टेकलं की खांदा वर उचलला जातो आणि मानेशी कातडीची घडी पडते. जिथे शरीर आणि आधार एकमेकांना भेटतात तिथे बघा. ती जागा नीट सोडवली असेल तर समोर कोणीतरी होतं. रेषेशेजारी दुसरी पुसट रेष दिसली, म्हणजे आधी खांदा जरा वर होता आणि मग खाली आला, तर आणखी उत्तम. मॉडेल दमली, ती थोडी खचली आणि चित्रकाराने तिच्या मागोमाग रेष हलवली. पुतळा दमत नाही.

या कसोटीवर चित्रकार सिमाँ वूए भाव खाऊन जातो. तो इटलीतली बरीच वर्षं संपवून १६२७ मध्ये पॅरिसला परतला. काळा खडू, हलक्या तपकिरी किंवा राखी कागदावर, आणि खांद्यावर, गुडघ्यावर पांढऱ्याचे मोजके हात. छतावरच्या चित्रासाठी हवी असलेली एकच बाई, शेजारी तिचाच हात पुन्हा, जरा मोठा. भरलेले दंड, पोटावरची वळी, दबलेलं मांस हे तो सोडत नाही. त्याच्या नंतरच्या पिढीने हे सगळं पुसून पुन्हा संगमरवर केला, हे आमच्या मते नुकसानच.

गेरू, काळा दगड आणि पांढरा खडू

फ्रेंच लोक ज्याला ‘सँगीन’ म्हणतात तो तांबडा खडू म्हणजे आपला गेरूच, फक्त निवडक. लोहाचं तांबडं खनिज चिकणमातीत मुरलेलं असतं. खाणीतून येणारी ती ढेप करवतीने कापून कांड्या करायच्या आणि पितळी धारकात बसवायच्या. धारक म्हणजे दोन्ही टोकांना चिरलेली नळी, वर सरकती कडी. एका टोकाला तांबडा, दुसऱ्याला काळा किंवा पांढरा. टोक सुरीने खरवडून करायचं. दगडात वाळूचा कण निघाला तर कागदावर ओरखडा उठतो, तो झाकता येत नाही.

काळा खडू हाही दगडच, कोळशाचा अंश असलेला मऊ पाटीचा दगड. पांढरा म्हणजे नैसर्गिक चुनखडी. तिन्ही एकत्र वापरण्याला ‘त्र्वा क्रेयाँ’ म्हणतात, तीन खडूंचं काम.

कागद चिंध्यांचा, हाताने उचललेला. उजेडासमोर धरला तर चाळणीच्या तारांच्या रेघा दिसतात: बारीक जवळजवळ, आणि त्यांना छेदणाऱ्या दोन-तीन सेंटीमीटरवरच्या ठळक. त्या उंचसखलपणातच खडूची पूड अडकते. गुळगुळीत कागदावर गेरू नुसता घसरतो. कागद पिवळसर, तपकिरी किंवा निळा घेण्याचं कारण साधं. अंगाचा मधला रंग कागदाने द्यायचा, सावली तांबड्याने, उजेड पांढऱ्याने. तिन्ही खडू मिळून कागद पूर्ण झाकला गेला तर काम फसलं.

कुठे फसतं हे स्वतः करून बघितल्यावर जास्त कळतं. पुठ्ठ्याच्या रंगाचा, किंचित खरबरीत कागद आणि कोणत्याही कला-साहित्याच्या दुकानातले तांबडा, काळा, पांढरा असे तीन कोरडे खडू पुरेत. आधी तांबड्याने, टोक कागदावर जेमतेम टेकवत, पूर्ण आकृतीचा बांधा: डोक्यापासून टाचेपर्यंतची मुख्य वळणं, तपशील काही नाही. मग सावलीच्या बाजूची रेष दाबून, उजेडाच्या बाजूची तशीच हलकी किंवा मधेच तुटू देऊन. सावली भरताना रेघा शरीराच्या गोलाईला आडव्या न्यायच्या, पिंपाला पट्ट्या बांधतात तशा. उभ्या रेघांनी मांडी फळीसारखी सपाट होते. काळा फक्त केस, डोळ्यांच्या फटी, बगल, आणि शरीर बिछान्याला टेकतं तिथे. पांढरा अगदी शेवटी, चार-पाच जागी: खांद्याचा माथा, स्तनाचा वरचा उतार, पोट, गुडघा.

नवशिक्याच्या हातून तीन गोष्टी हमखास होतात. पांढरा तांबड्यावर चढतो आणि दुधाळ गुलाबी डाग पडतो. दोघांच्या मधे कागदाची पट्टी मोकळी ठेवायलाच हवी. पांढरा काळ्यावर गेला तर त्याहून वाईट, शिशासारखी निळसर राखाडी छटा येते आणि अंग मेलेलं दिसतं. तिसरं म्हणजे घासणं. कागदाच्या किंवा चामड्याच्या गुंडाळीने सावली सारवता येते, पण सारवून सारवून रेषेचा दाणा मेला की कातडी मेणाची होते. गेरू खोडणंही कठीण. त्या काळी पावाचा मऊ गर मळून चूक उचलत. हलकी रेघ निघते, दाबलेली रेघ निघत नाही आणि जागेवर तांबूस ओशट डाग मागे ठेवते. म्हणून पहिली रेघ हलकी, हा नियम चवीचा नाही, नाइलाजाचा आहे.

वातो: भाड्याची खोली

तीन खडूंच्या कामात आंत्वान वातोच्या (१६८४–१७२१) जवळपास जाणारा दुसरा नाही. पण केलूसने ३ फेब्रुवारी १७४८ रोजी अकादमीत त्याचं चरित्र वाचलं, तेव्हा मित्राबद्दल तो जे बोलला ते आज ऐकताना नवल वाटतं. वातोला शरीररचना ठाऊक नव्हती, त्याने नग्न शरीर जवळजवळ काढलंच नव्हतं, एक संपूर्ण ‘अकादमी’ उभी करताना त्याची दमछाक व्हायची. स्त्रीचं शरीर त्यातल्या त्यात सोपं जायचं, कारण त्यात सांधे-स्नायू कमी दाखवावे लागतात. अकादमीचा चष्मा लावला की असं दिसतं.

त्याच भाषणात दुसरा तपशील येतो, तो जास्त कामाचा. केलूस, त्याचा एक मित्र आणि वातो यांनी पॅरिसच्या वेगवेगळ्या भागांत खोल्या घेतल्या होत्या, फक्त मॉडेल बसवायला, रंगवायला आणि रेखाटायला. तिथे कुणी येऊन त्रास देत नसे, आणि एरवी कुढणारा वातो तिथे खुशीत असायचा.

साधारण १७१५ ते १७१८ च्या दरम्यानची त्याची विवस्त्र स्त्रियांची रेखाटनं बघितली की त्या खोल्यांचा फायदा कळतो. या बायका देवी नाहीत. खुर्चीत तिरक्या बसलेल्या, लांबट बैठकीवर पाय दुमडून, कुणी सदरा डोक्यावरून काढताना. अकादमीच्या चौथऱ्यावर ‘सदरा काढणं’ ही पोझच नव्हती. रेष मानेपासून निघते, खांद्यावर दाबली जाते, दंडावर विरते आणि कोपराशी पुन्हा उमटते. मधली जागा डोळा आपोआप भरतो. अंग तांबड्यात, केस आणि लाकूड काळ्यात, त्यामुळे ब्रशने रंग न लावताही कातडी गरम आणि बाकी सगळं थंड दिसतं.

लॉस एंजेलिसच्या गेटी संग्रहालयातलं एक रेखाटन मुद्दाम बघावं. बिछान्यावर आडवी विवस्त्र स्त्री, आणि मोलकरीण एनिमाची पिचकारी घेऊन आलेली. त्या काळचा हा घरोघरचा उपचार. याच पोझचं तळहाताएवढं तैलचित्र पॅसाडिनाच्या नॉर्टन सायमन संग्रहालयात आहे, तिथे ना मोलकरीण, ना पिचकारी. तेवढं वगळलं की आजारी बाई क्षणात व्हीनस होते. शरीर तेच, रेघा त्याच. मरणाआधी वातोने आपली काही ‘अशोभनीय’ वाटणारी कामं जाळायला लावली असंही केलूस सांगतो, त्यामुळे उरलेला साठा अपुराच.

वातोची पद्धत अशी की आधी रेखाटनं वहीत साठवायची, चित्र रंगवताना वही चाळून हवी ती आकृती उचलायची. तो गेल्यावर त्याचा मित्र ज्यूलियेन याने साडेतीनशेच्या आसपास रेखाटनांची छापचित्रं करवून १७२६ आणि १७२८ मध्ये दोन खंडांत काढली. त्यातल्या शंभराहून जास्त चित्रांच्या तांब्याच्या पट्ट्या कोरल्या एका तरुण पोराने, फ्रान्स्वा बूशेने.

बूशे आणि आठवणीचा सापळा

बूशे (१७०३–१७७०) म्हणजे अफाट हात. आपण दहा हजारांवर रेखाटनं केली असा त्याचा स्वतःचाच अंदाज सांगतात. सूर्योदय आणि सूर्यास्ताच्या त्याच्या दोन प्रचंड चित्रांसाठी (१७५२–५३, आता लंडनच्या वॉलेस संग्रहात) त्याने जलपऱ्यांची जी रेखाटनं केली त्यांत मांस, पाणी आणि वजन यांचा हिशेब चोख आहे.

पण नंतरच्या कागदांवर तीच ती बाई येत राहते. गुडघ्यांवर, कोपरांवर तोच गुलाबीपणा, पाठीवर तीच खळी, आणि पावलं इतकी लहान की ही उभी राहिली तर पडेल. कारण इंग्रज चित्रकार रेनल्ड्सने सांगून ठेवलंय. तो भेटायला गेला तेव्हा बूशे मोठं चित्र मॉडेलशिवाय रंगवत होता. विचारल्यावर म्हणाला, तरुणपणी शिकताना मॉडेल लागायची, आता कित्येक वर्षांत वापरलेली नाही. आठवण शरीराची सरासरी काढते. चुका गळतात, त्यांच्याबरोबर माणूसही गळतो.

बाजाराला त्याची फिकीर नव्हती. बूशेची विवस्त्र रेखाटनं काचेमागे लावायची टूम निघाली आणि नकलांचा धंदा फोफावला. इथे आजही लोक फसतात, म्हणून दोन प्रकार नीट समजून घ्यावेत.

पहिला, दाबून घेतलेली उलटी प्रत. तांबड्या खडूच्या चित्रावर ओलसर कोरा कागद ठेवून दाबयंत्रातून काढायचा. सुटी पूड नव्या कागदावर येते. मूळ चित्र थोडं फिकं होतं, पण मोकळी पूड निघून गेल्याने नंतर कमी पुसटतं. उलटी प्रत ओळखायची ती रेघांच्या कलावरून. उजव्या हाताचा माणूस सावली भरतो तेव्हा रेघा वरून उजवीकडून खाली डावीकडे येतात. प्रतीत त्या उलट कलतात, आणि पूड दाण्यावर बसण्याऐवजी कागदात चेपलेली दिसते. डावखुरा चित्रकार सापडला म्हणून हरखून जाण्याआधी हे तपासावं.

दुसरा, खडूसारखं दिसणारं छापचित्र. ज्यां-शार्ल फ्रान्स्वाने १७५७ च्या सुमारास ही तऱ्हा यशस्वी केली आणि द्मार्तो या दुसऱ्या छापचित्रकाराने बूशेच्या रेखाटनांवर ती पिकवली. दातेरी चाकं आणि काट्यांची हत्यारं तांब्याच्या पट्टीवर फिरवून खडूच्या दाण्याची नक्कल करायची आणि तांबड्या शाईत छापायचं. हातभर अंतरावरून अस्सल वाटतं. भिंग लावलं की रेघेत टिंबांच्या रांगा दिसतात, चाकाच्या दातांइतक्या नेमक्या अंतरावर. कागद कापलेला नसेल तर कडेला पट्टीचा दाबही सापडतो. शाई बोटाला लागत नाही, पण म्हणून बोट लावून बघू नये. खरं निघालं तर नुकसान भरून येत नाही.

दाराबाहेरच्या चित्रकर्ती

अकादमीत बायकांना सदस्यत्व मिळे, १७७० पासून एकावेळी जास्तीत जास्त चौघींना. ३१ मे १७८३ रोजी एलिझाबेथ विजे ल ब्रुं आणि आदेलाईद लाबी-गियार एकाच दिवशी आत आल्या. पण मॉडेलच्या वर्गात त्यांना प्रवेश नव्हता, आणि तो वर्ग नाही तर मोठ्या ऐतिहासिक-पौराणिक चित्रांचं शिक्षणही नाही. म्हणून बहुतेकींच्या वाट्याला व्यक्तिचित्रं आणि फुलं. विजे ल ब्रुंने मात्र अकादमीपुढे ठेवलं ते १७८० चं रूपकचित्र, शांती आणि समृद्धीचं, आणि त्यात समृद्धीचा एक स्तन उघडा आहे. ज्या विषयाचा वर्ग तिला बंद होता, त्याच विषयाची परीक्षा तिने देऊन टाकली.

प्रुदाँचा निळा कागद

शतक संपताना पिएर-पोल प्रुदाँ (१७५८–१८२३) येतो आणि तांबडा खडू बाजूला ठेवतो. निळा कागद, काळा आणि पांढरा, बस. त्याची नेहमीची मॉडेल मार्गरीत नावाची. तिला तो पुन्हा पुन्हा काढतो, उभी, बसलेली, दगडाला टेकलेली. आधी काळ्याची सावली घालून ती सारवून मऊ करायची, वरून परत समांतर रेघा ओढायच्या, आणि उजेडाच्या बाजूने पांढऱ्याच्या रेघा तशाच विणत आणायच्या. सारवण्याने गोलाई मिळते, वरच्या रेघांनी दाणा परत येतो, म्हणून अंग मेणचट होत नाही. काळा आणि पांढरा जिथे एकमेकांजवळ येतात तिथे तो निळ्याची चिंचोळी वाट सोडतो. चांदण्यातल्यासारखा जो भास होतो तो त्या वाटेमुळे.

निदान कागद निळा होता तोवर. हा निळा बहुतेक रंगवलेल्या चिंध्यांचा, आणि उजेडात तो टिकत नाही. आधी राखी पडतो, मग मातकट. संग्रहालयात आज जी तपकिरी प्रुदाँ दिसतात त्यांतली बरीचशी मुळात निळी होती, आणि थंड कागदासाठी तोललेला पांढरा आता गरम कागदावर जरा जास्तच ओरडतो. असं एखादं चित्र कधी चौकटीबाहेर काढलं गेलं, तर चारी कडांना, पुठ्ठ्याच्या पट्टीखाली झाकून राहिलेल्या बोटभर जागेत, मूळचा निळा अजून शाबूत सापडू शकतो.